बी.एड. आणि कथालेखनाचा अभ्यास: दोन्ही एकाच वेळी जमतं का?

ओंजळ:
नमस्कार मंडळी,
दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. या विषयावर आधी कुणी काढला असेल तर सांगा, तिकडे लिहीन.

मराठी घेऊन बी.ए. झालं. नंतर दीड वर्ष बाणेरच्या एका कंपनीत मिक्सर आणि गाद्यांची वर्णनं लिहिली. पगार वेळेवर व्हायचा, तक्रार नाही. पण दर शनिवारी दांडेकर पुलाजवळच्या एका अभ्यासिकेत मी आठवी-नववीच्या मुलांना मराठी शिकवते, आणि आख्ख्या आठवड्यात त्या दोनच तासांत आपला उपयोग होतोय असं वाटतं. मागच्या पावसाळ्यात 'आमचं घर' या विषयावर लिहायला सांगितलं. बहुतेकांनी 'माझे घर मला खूप आवडते' इथून सुरुवात केली. एका मुलाने लिहिलं, की पत्रा गळायला लागला की आई भांडी मांडते आणि रात्री अंधारात पडल्या पडल्या त्याला आवाजावरून कळतं कुठलं भांडं भरत आलंय. पातेलं, डबा, तांब्या, प्रत्येकाचा आवाज त्याने वेगवेगळा लिहिला होता. ती वही घरी घेऊन गेले आणि कितीदा वाचली ते सांगता येणार नाही. माध्यमिकला शिकवायचं हे त्या रात्री ठरलं.

दुसरीकडे मी कथा लिहिते. दोन दिवाळी अंकांत आल्या आहेत. त्या वाचताना मलाच कळतं की शेवट हातातून निसटतोय, संवाद लांबतायत. कुणीतरी समोर बसवून शिकवावं असं फार वाटतं. आता बी.एड.च्या सीईटीत मार्क बरे आहेत, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील, आणि त्याच वर्षी लेखनाचा एखादा वर्षभराचा अभ्यासक्रमही करावा असं मनात आहे. आई म्हणते, एका वेळी काय ते एक कर. कॉलेजातली एक ताई म्हणाली, बी.एड.ला गेलीस की लेखन विसर.

खरंच असं होतं का? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा. आणि लेखन शिकलेलं वर्गात कामाला येतं का, हेही.

खडूवाला:
ओंजळ, स्वागत. सतरा वर्षं शाळेत आहे, मराठी आणि इतिहास शिकवतो. आधी हिशेब सांगतो, मग मत.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमावलीनंतर ते दोन वर्षांचं झालं. वर्षाला २०० दिवस कामाचे, तेही प्रवेश आणि परीक्षा सोडून. तासांना ८० टक्के हजेरी लागते, आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्या १६ आठवड्यांत तुम्ही सकाळी शाळेत, दुपारी वह्या आणि रात्री उद्याचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा. त्या काळात दुसरा अभ्यासक्रम घेऊ नका, दोन्हीकडे ओढाताण होईल. पहिलं वर्ष त्या मानाने सैल असतं. सूक्ष्म अध्यापन म्हणजे अगदी छोटे पाठ, मग थोडे मोठे सेतू पाठ, मग पूर्ण सराव पाठ असं हळूहळू चढत जातं. रविवार तुमचा राहतो.

आता मत. पाठाचं टाचण काढणं आणि कथा रचणं यांत मला फार अंतर वाटत नाही. ३५ मिनिटं हातात असतात. काय आधी सांगायचं, काय झाकून ठेवायचं, कुठे थांबून मुलांना विचारायचं, हे ठरवावं लागतं. चांगला पाठ रंगतो तो याच्यामुळेच. तुम्ही कथा लिहिता म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे.

टिपकागद:
खडूवाला सर, आदर आहे, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

बी.एड.च्या दोन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता हे एक झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाषा बदलली. रोज टाचणात 'उद्दिष्टे' आणि 'स्पष्टीकरणे' लिहायची: विद्यार्थी कवितेचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगतो, विद्यार्थी शब्दांचे अर्थ सांगतो. प्रत्येक वाक्याचं क्रियापद मोजता येईल असंच हवं. दोन वर्षं हात तसाच वळला. नंतर कथा लिहायला बसले तर माझी माणसं घरात शिरताना 'प्रवेश करतो', जेवताना 'आस्वाद घेतो' अशी वागायला लागली. ती भाषा अंगावरून उतरायला वर्ष लागलं. त्या वर्षात मी फक्त पत्रं लिहिली, बहिणीला. दुसरं काही जमत नव्हतं.

शिक्षिका झाल्याचा मला आनंद आहे, रोज आहे. पण ओंजळला खोटा धीर द्यायचा नाही म्हणून लिहिलं.

रानजाई:
'विद्यार्थी नायिकेच्या दुःखाची दोन कारणे सांगतो.' टिपकागद, वाचून खूप हसले आणि मग गप्प झाले. माझी अजून एक वही तशी पडून आहे.

पर्वतीपायथा:
भाषेचं नंतर बघू, आधी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात माझ्या मामेबहिणीचं वर्ष गेलं.

बी.एड.ला मेथड, म्हणजे शाळेत शिकवायचा विषय, मिळते ती तुमच्या पदवीच्या विषयावरून. शाळेत 'सर्जनशील लेखन' हा विषय नाही, मराठी आहे, इंग्रजी आहे. बहिणीची पदवी प्रसारमाध्यमांची होती, लेखन उत्तम, पण भाषेची मेथड मागायला गेली तर पदवीत भाषा मुख्य विषय कुठे आहे असं विचारलं. शेवटी तिने पुन्हा भाषेत एम.ए. केलं. ओंजळ, तुमचं बी.ए. मराठीचं आहे, तुम्हाला ही अडचण नाही. पण हा धागा वाचून कुणी बारावीनंतर थेट लेखनाच्या पदवीकडे निघालं असेल आणि पुढे शाळेत जायचं असेल, तर पदवीत मराठी किंवा इंग्रजी मुख्य विषय ठेवा, लेखन जोडीला घ्या.

नोकरीचंही सांगते. सहावी ते आठवी शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. अनुदानित शाळेत शिरायचं तर अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न दोन तासांत, आणि मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. ही चाचणी दर वर्षी होत नाही. २०१७ नंतर थेट २०२३, मग २०२५. लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिन्याला १८,००० मानधन. २०२३ च्या आधी तेच ८,००० होतं. कथा लिहून घर चालेल असं नाही आणि शिक्षण सेवक म्हणूनही पुण्यात एकटीने भाड्याने राहणं कठीण आहे. आईवडिलांकडे राहणार असाल तर जमेल.

ओंजळ:
आईवडिलांकडेच आहे, सहकारनगरला. मेथडचं माहीतच नव्हतं, खूप आभार. टिपकागद ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. भीती वाटली, पण हेच कुणीतरी सांगायला हवं होतं.

मुळशीकर:
एकाच वेळी दोन अभ्यासक्रम नियमात बसतात का, त्याबद्दल. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२२ मध्ये एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ. बी.एड.ला शिवाय एनसीटीईचे नियम आहेत, हजेरीचं वर आलंच आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळी कॉलेजला लेखी विचारा, तोंडी 'चालेल हो' यावर जाऊ नका.

दूरस्थमध्ये इग्नू या मुक्त विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची पदविका आहे. एका वर्षाची, बारावी झालेल्या कुणालाही घेता येते, लांबवताही येते. त्यात लेख, कथा, कविता, नभोवाणी-दूरदर्शनसाठी लेखन असे भाग आहेत. इंग्रजीतून आहे, हिंदीतून वेगळी आहे. तुम्ही मराठीत लिहिता, तेव्हा तो विचार करा.

आणखी एक. २०२५ च्या सुरुवातीला एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा एम.ए. झालेल्यांना एका वर्षाचं बी.एड. आहे. मग आधी दोन वर्षं एम.ए. मराठी करावं, त्यातच लेखनाचा अभ्यास व्हावा, आणि नंतर एका वर्षात बी.एड. असं का नको?

पर्वतीपायथा:
मुळशीकर, मसुद्यावर आयुष्याचं गणित मांडायचं नाही. हातात सीईटीचे मार्क आहेत, ते आत्ताचे आहेत.

मुळशीकर:
मान्य. पण एम.ए.ने कुणाचं वाईट झालेलं नाही.

लीड्सची_पोर:
मी पुण्याचीच, कर्वेनगरची, आता इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. इथे मी आधी सर्जनशील लेखनात एम.ए. केलं, नोकरी सांभाळत दोन वर्षांत, आणि त्यानंतर पीजीसीई, म्हणजे इथलं बी.एड.सारखं शिक्षक-प्रशिक्षण. पीजीसीई वर्षाचंच असतं, पण त्यातले किमान १२० दिवस शाळेत जातात, दोन वेगवेगळ्या शाळांत. त्या वर्षी कथा लिहिणं शक्यच नव्हतं. सकाळी सातच्या बसमध्ये मी फक्त कानावर आलेली वाक्यं टिपायचे. म्हणून माझं मत आईच्या बाजूने: एका वेळी एक.

पण लेखन वर्गात कामाला येतं का, या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, आणि आधी मी ते चुकीच्या पद्धतीने वापरलं. एम.ए.च्या कार्यशाळेत रिवाज असा, की ज्याची कथा त्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावर बोलायचं. मोठ्या माणसांना ते मानवतं. मी ते तसंच्या तसं नववीच्या वयाच्या मुलांवर लावलं. एका मुलीने आजोबांच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलं होतं आणि चार मुलं तिच्यासमोर विरामचिन्हांवर बोलत राहिली. ती काही बोलू शकत नव्हती, कारण नियम मीच घातला होता. ती रडत बाहेर गेली. त्या संध्याकाळी मी पद्धत बदलली. आता आधी प्रत्येकाने फक्त एवढं सांगायचं: ऐकून मिटल्या डोळ्यांपुढे काय राहिलं. मग लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा, त्याला हवा तो. सुधारणा सगळ्यात शेवटी, आणि त्याने मागितली तरच.

हे मला पीजीसीईने शिकवलं नाही आणि एम.ए.नेही नाही. दोन्ही झालेलं असल्यामुळे एकातली चूक दुसऱ्यामुळे दिसली.

दुपारची_शाळा:
लीड्स ताई, किती छान लिहिलंत. पण इकडचं चित्र सांगते. हडपसरच्या बाजूला अनुदानित शाळा, माझ्या दहावीच्या वर्गात ६४ मुलं. प्रत्येकाने डोळ्यांपुढे काय राहिलं ते सांगायचं म्हटलं तर दोन तास जातील. आणि दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाचे, म्हणजे पत्र, कथा, निबंध वगैरेचे. ते गेले तर पालक मलाच विचारणार.

तरी मी करते. रोज दहा वह्या घरी नेते, आठवड्याभरात फेरी पूर्ण होते. प्रत्येक वहीत एकच वाक्य शोधायचं, जे त्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं, आणि त्याच्याखाली हिरवी रेघ. चुका लाल पेनाने वेगळ्या. महिनाभरात मुलं लाल बघायच्या आधी हिरवी रेघ शोधायला लागतात. काहींच्या वहीत पहिले दोन आठवडे एकही रेघ नसते, मग कुठेतरी आजीच्या गुडघ्याबद्दल एक वाक्य येतं.

कथालेखनाचं तर बघाच. मुद्दे दिलेले असतात, मुलं गाइडातली कथा पाठ करून येतात, आणि शेवटी तात्पर्य. कुठलीही कथा असो, शेतकरी, कावळा, हरवलेली मुलगी, खाली तात्पर्य हवंच. एके वर्षी नववीला मी सांगितलं, सहामाहीपर्यंत तात्पर्य लिहायचं नाही. वर्ग घाबरला. एक मुलगा म्हणाला, 'बाई, मग कथा संपली हे कळणार कसं?' मी त्या प्रश्नावर एक आख्खा तास घेतला. काय निघालं त्या तासाला! एकीने लिहिलं, मुलगी घरी येते आणि आई तिला काही न विचारता ताट वाढते. बस. तिथे थांबली. वर्ग पाच सेकंद गप्प होता. कथा संपल्याचं सगळ्यांना कळलं होतं.

एक पालक तक्रार घेऊन आले, परीक्षेत गुण कापले तर काय म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या सत्रात मी दोन्ही शिकवलं, परीक्षेतली कथा वेगळी आणि वहीतली वेगळी.

खडूवाला:
'मग कथा संपली हे कळणार कसं?' हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

रानजाई:
हिरवी रेघ! आमच्या बाईंनी सातवीत अशी एकदा मारली होती. ती वही आईने अजून ठेवली आहे.

अवांतर: हिरव्या शाईची पेनं अप्पा बळवंत चौकात घाऊक मिळतात, डझनाचं पाकीट.

शाईची_दौत:
मी अध्यापक महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले. ओंजळ, तुला एकेरी लिहिते, चालेल ना?

शिक्षिका की लेखिका, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. बुधवार पेठेत भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. शाळा सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. वाटेत शेण अंगावर घेऊन शिकवायला जाणारी बाई त्याच वर्षांत कविता लिहीत होती, आणि त्या कवितांत शिकण्याचीच हाक आहे. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन त्यांनी टी.डी. ही शिक्षकाची पदविका घेतली, आणि पुढे मुलांच्या वाचनमालेचं काम केलं. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. पहाटे उठून. लेखन आणि शिकवणं त्यांनी दोन कप्प्यांत ठेवलंच नाही.

आता अभ्यासक्रमाचं. टिपकागदने सांगितलेलं टाचणाच्या भाषेचं दुखणं खरं आहे, मी पाहिलेलं आहे. पण २०१४ च्या नियमावलीत एक चांगली गोष्ट आली. पाठ्य वाचून त्यावर चिंतन करणं, नाट्य आणि कला यांचा शिक्षणात वापर, आणि स्वतःला ओळखणं, असे स्वतंत्र भाग बी.एड.मध्ये आहेत. काही ठिकाणी ते फाइल रंगवून संपतात, काही ठिकाणी त्यात खरं लेखन होतं, मुलं स्वतःच्या शाळेच्या आठवणी लिहून एकमेकांना वाचून दाखवतात. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. मागच्या वर्षीच्या मुलांनी या भागांत काय लिहिलं ते दाखवा, असं विचार. दाखवणारं कॉलेज घे.

टिपकागद:
दौत मॅडम, तुमचा मुद्दा मनाला लागला. तरी एक सांगते. केशवसुतही शिक्षकच होते. एका गावच्या शाळेतून दुसऱ्या गावच्या शाळेत फिरत राहिले आणि १९०५ मध्ये चाळिशीच्या आत गेले. कविता मोठी झाली, नोकरीने त्यांना सुख दिलं असं दिसत नाही. ही नावं घेताना त्या माणसांनी काय सोसलं तेही ओंजळला कळावं.

शाईची_दौत:
बरोबर आहे तुझं. ते सांगायला हवं होतं.

सातवी_ब:
मी इथे फार लिहित नाही, पण एक गोष्ट अजून कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

मी शिक्षिका आहे आणि कथाही लिहिते. चार वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीने वहीत घरातल्या भांडणाबद्दल लिहिलं होतं. वडील दार आपटून गेले की ती घड्याळाकडे बघायची, किती वेळाने परत येतात ते मोजायला. मी नाव बदललं, गाव बदललं, मुलीचा मुलगा केला, पण घड्याळ तसंच ठेवलं. कथा दिवाळी अंकात आली. लोकांना आवडली. त्या मुलीच्या मोठ्या बहिणीने ग्रंथालयात तो अंक वाचला आणि घड्याळ ओळखलं. दोघींपैकी कुणीही माझ्याशी भांडलं नाही. फक्त त्या मुलीने नंतर वर्षभर वहीत 'पावसाळा सुंदर असतो' याच्या पलीकडे काही लिहिलं नाही. ती छान लिहायची हो. आता कुठल्या कॉलेजात आहे माहीत नाही.

कथा कशी लिहायची आणि कसं शिकवायचं, हे दोन्ही शिकता येतं. या दोन्हींच्या मध्ये हे जे आहे, मुलं विश्वासाने वहीत ठेवतात ते, त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ओंजळ, राग मानू नकोस. तुझ्या पहिल्याच पोस्टमधली भांडी वाचली आणि छातीत धस्स झालं. ती त्या मुलाची आहेत.

दुपारची_शाळा:
सातवी_ब, हे लिहायला किती जड गेलं असेल. मी पहिल्या दिवशी वर्गाला सांगून टाकते, वहीतलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आणि ज्याला नको असेल त्याने पान दुमडायचं. दुमडलेलं पान मी तपासत नाही, फक्त सही करते.

खडूवाला:
मला वाटतं अनुभव मुरला की कुणाचा हे राहत नाही, सगळ्याच लेखकांनी असंच लिहिलंय. पण घड्याळ वाचून थोडा थांबलो. विचार करतो.

लीड्सची_पोर:
खडूवाला सर, मुरल्यावर लिहिणाऱ्याला ते आपलं वाटायला लागतं. ज्याचं आहे त्याला ते आपलंच वाटत असतं, कितीही वर्षं जाऊ देत. मोठ्यांच्या कार्यशाळेत सगळे बरोबरीचे असतात, कुणी तुझी ओळ घेतली तर भांडता येतं. वर्गात वही तपासणारी आणि लिहिणारा बरोबरीचे नसतात. मला वाटतं फरक तिथे आहे.

ओंजळ:
तीन दिवस इथे यायची हिंमत झाली नाही. सातवी_ब ताई, राग मुळीच नाही. खरं सांगायचं तर त्या भांड्यांवर माझी कथा अर्धी लिहून झालेली आहे. तिला 'तांब्या' असं नावही दिलं होतं. शनिवारी वर्ग आहे.

रानजाई:
ओंजळ, सांग हं काय होतं ते. धागा वर ठेवते.

मुळशीकर:
तोवर अवांतर: आमच्या शाळेत दर वर्षी हस्तलिखित निघायचं. बोरू, काळी शाई, मुखपृष्ठावर चित्रकलेच्या सरांचा मोर. माझी एक कविता त्यात होती, सिंहगडावर. यमक 'कडा' आणि 'धडा'. आता शाळांत हस्तलिखित निघतं का?

दुपारची_शाळा:
आमच्याकडे निघतं. संगणकावर टाइप करूया असं मुलं म्हणतात, मी ऐकत नाही. अक्षर बघून कुणाचं आहे ते कळलं पाहिजे.

ओंजळ:
नमस्कार. दोन आठवडे झाले, कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

वर्ग संपल्यावर त्याला थांबवलं. म्हटलं, तुझ्या निबंधावरून मी एक गोष्ट लिहायला घेतली, तुला न विचारता घेतली, ते माझं चुकलं. वाच, नको म्हणालास तर फाडून टाकते. इथेही मी त्याचं लिहिलेलं न विचारता सांगितलं होतं, तेही त्याच्या कानावर घातलं. नाव नाही म्हटल्यावर 'मग ठीक आहे' म्हणाला. मग बाकावर बसून चार पानं वाचली, बोट ठेवून. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'ताई, डब्याचा आवाज चुकलाय.' मी 'टपटप' लिहिलं होतं. तो म्हणे, रिकाम्या डब्यात पहिला थेंब पडतो तेव्हा 'टण्ण' होतं, आणि पाणी चढलं की आवाज बारीक होत जातो, म्हणून तर अंधारात कळतं. 'तुम्ही ऐकलं नाहीये ना कधी, म्हणून.'

मी विचारलं, मग कुणी लिहायची? तो म्हणाला, मी लिहितो, तुम्ही शुद्धलेखन बघा. आता तो लिहितोय. तीन पानं झाली आहेत. माझी फाइल मी बंद केली.

प्रवेशाचं: बी.एड. घेतेय, याच वर्षी. दौत मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दोन कॉलेजांत जाऊन मुलांनी लिहिलेलं मागितलं. एका ठिकाणी बाईंनी कपाट उघडून चार वह्या समोर ठेवल्या, मी तिथेच दीड तास वाचत बसले. ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं. लेखनाचा अभ्यासक्रम या दोन वर्षांत नाही. टिपकागद ताई, तुमच्यासारखं होऊ नये म्हणून एक ठरवलंय. टाचणाची वही वेगळी, आणि रोज रात्री दुसऱ्या वहीत पाच ओळी, ज्यात एकही 'विद्यार्थी सांगतो' येणार नाही. जमेल की नाही माहीत नाही. मुरवलेलं, उसनं, कुणाचं काय आहे हे समजायला मला तेवढा वेळ हवाच आहे.

टिपकागद:
ओंजळ, बहिणीला पत्रं लिहिणं हाही चांगला उपाय आहे. बहीण नसेल तर मला लिही, मी उत्तर देईन.

सातवी_ब:
'तुम्ही ऐकलं नाहीये ना कधी.' थँक यू ओंजळ. आज मी त्या मुलीला शोधून निरोप पाठवणार आहे. उत्तर येवो न येवो.

पर्वतीपायथा:
छान! दुसरी मेथड कुठली घेतलीत? मराठीबरोबर इतिहास घ्या, शाळांत तीच जोडी मागतात. आणि प्रवेश होत नाही तोवर कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.

ओंजळ:
इतिहासच घेतेय. झेरॉक्स आजच काढते, ताई.